अक्षराला पाच रुपये

नाव ठेवायचा मान आत्याचा.
नावं ठेवायचाही, असं वहिनी म्हणते,
म्हणून मी तोंड मिटून
राजवाड्यामागच्या बर्तन बाजारात आले,
पिशवीत चांदीची नवी वाटी
आणि उगाच, सोबतीला, पितळेचा जुना पेला.

कोरणारा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला,
"अक्षर का पाँच रुपया, बहनजी. चि. का कुछ नहीं."
रि, यां, श. पंधरा.
"पहले नाम लंबे होते थे. पुरुषोत्तम. लक्ष्मीनारायण.
एक नाम में चाय निकल आती थी."

पेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी बाबांचं नाव आहे.
घासून घासून धुं गेला, डिची वेलांटी तेवढी उरली,
पुढचं शाबूत.
"राज," तो वाचून मोकळा झाला.
मी दुरुस्त केलं नाही.

रामबागेत आमच्या एका गल्लीत तीन धुंडिराज होते.
थोरला धुंडू, तबल्याचा धुंडू, आणि आमचे बाबा,
मिलच्या टाइम ऑफिसात बसायचे म्हणून घड्याळधुंडू.
आई नाव घ्यायची नाही, "अहो" म्हणायची,
आणि ओट्यावरचे तिघंही वळायचे.
मिलमध्ये ते ढूँढूबाबू.
कुणाचा पास हरवला, कुणाचा डबा,
की गेटवरून हसत हाळी यायची, ढूँढूबाबू, ढूँढो!
आणि बाबा खरंच शोधायला उठायचे.

दादाला शाळेतली हजेरी नको व्हायची.
वर्गात सात अविनाश,
बापाच्या नावावरूनच ओळखायचे,
हसायचेही त्यावरच.
पुढे सहीत त्यानं मधे नुसता डी ठेवला.
डी म्हणजे काय, कुणी विचारलं तर
दिनकर, म्हणाला एकदा.
माझ्यासमोर.

बाळाची आई भोपाळची, पोर चांगली आहे.
परवा तिनंच विचारलं,
आत्या, आजोबांच्या नावाचा अर्थ काय हो?
म्हटलं, काशीला विश्वनाथाच्या वाटेवर गणपती बसलाय, त्याचं नाव.
लोकांनी ज्याला धुंडत यावं, तो.
तिनं मोबाइल काढला.
एक हजार मुलांची नावं, अर्थासकट, आवडीच्या क्रमानं.
"नाहीये, आत्या. सापडतच नाही."
म्हटलं, मग अर्थ बरोबर आहे.

रियांशचा अर्थ तिथे सूर्याचा अंश होता,
दुसऱ्या यादीत विष्णूचा.
कुठल्या धातूचा, कुठल्या कोशातला,
तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या बाईनं
विचारलं नाही.
निपानियाच्या त्यांच्या सोसायटीत आधीच दोन रियांश आहेत.
एक ए विंगमधला, एक चावणारा.
हा तिसरा.
म्हणजे तीनच की. आमच्या गल्लीइतकेच.

आणि बाजारातून परतताना रिक्षात
एकदम दिसला मला ऐंशी वर्षांचा रियांश.
कानात केस, खिशात दम्याचा पंप,
बाकावर बसून चावणाऱ्या रियांशला सांगतोय,
आजकालची नावं कळतच नाहीत बुवा.
घरी कुणी नातसून विचारतेय, अर्थ काय,
आणि तिलाही सापडत नाहीये कुठे.
फार माया आली मला त्याची.
रिक्षावाल्याला सुटे परत मागायचे राहिलेच.

बारशाला बायकांनी पाठीत धपाटे घातले, रीतच ती.
मी वाकले, कुर्रर्र केलं,
तीन अक्षरं सांगितली कानात,
नीट, एकेक, कोरल्यासारखी.
बाळानं मान भलतीकडेच वळवली.
तिकडे नुसती भिंत.
"कुणाला धुंडतोय गं हा?" दादा म्हणाला,
आणि स्वतःचाच शब्द ऐकून
गप्प झाला.

वाटीत मध होता.
मी करंगळी बुडवली.